‘युड झ्यूस’ (१९४०): एकही स्वस्तिक नसलेला प्रचारपट

मृण्मयी_द

नाझी प्रचार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मशाली, संचलनं, झेंडे आणि घसा ताणून केलेली भाषणं येतात. मग प्रश्न पडतो की एवढ्या शिकल्यासवरलेल्या समाजाला हे खरं तरी कसं वाटलं? आणि तिथेच आपण मनाशी ठरवून टाकतो की आपल्याला काही ते खरं वाटलं नसतं.

मला ज्या सिनेमाबद्दल लिहायचंय त्यात स्वस्तिक नाही, हिटलर नाही, युद्धही नाही. कथा अठराव्या शतकातल्या व्युर्टेम्बर्ग संस्थानात घडते. दरबार आहे, नाच आहे, जडजवाहीर आहे. प्रेमात पडलेलं एक तरुण जोडपं आहे, करारी बाप आहे, ऐषारामी राजा आहे आणि राजाच्या कानाशी लागलेला एक खलनायक आहे. तो खलनायक ज्यू आहे. ‘युड झ्यूस’ (म्हणजे ‘ज्यू झ्यूस’) हे या सिनेमाचं नाव, दिग्दर्शक फाइट हार्लान. पहिला खेळ व्हेनिसच्या महोत्सवात ५ सप्टेंबर १९४० ला झाला आणि बर्लिनमध्ये तो २४ सप्टेंबरला लागला. युद्ध संपेपर्यंत सुमारे दोन कोटी लोकांनी तो पाहिला. त्यांना कोणी दंडाला धरून नेलं नव्हतं, बहुतेकांनी स्वतः तिकीट काढलं होतं.

कथा थोडक्यात सांगते, कारण तिच्या रचनेतच सगळी मेख आहे. संस्थानचा राजा, ड्यूक कार्ल अलेक्झांडर, याला पैसा हवा आहे. ऑपेरा हवा, स्वतःचं सैन्य हवं आणि प्रांताची सभा त्याला ‘नाही’ म्हणते. फ्रँकफर्टच्या ज्यू वस्तीतला सावकार झ्यूस ऑपनहायमर त्याला रत्नं पुरवतो आणि बदल्यात स्टुटगार्टमध्ये प्रवेश मागतो. तिथे ज्यूंना बंदी आहे. तो दाढी उतरवतो, दरबारी पोशाख चढवतो, आत येतो. मग रस्त्यांवर आणि पुलांवर जकात बसवण्याचा हक्क त्याला मिळतो, भाव वाढतात. एका लोहाराचं घर रस्त्यावर येतं म्हणून अर्धं कापून टाकतात आणि वर त्यालाच फासावर देतात. शेवटी झ्यूस नायिकेच्या नवऱ्याला छळकोठडीत टाकतो, त्या छळाचा धाक घालून तिच्यावर बलात्कार करतो. ती नदीत जीव देते. लोक उठाव करतात, ड्यूक अचानक मरतो, झ्यूसवर खटला चालतो आणि बर्फ पडत असताना त्याला पिंजऱ्यात घालून उंच फाशी देतात. मुलीचा बाप जाहीर करतो की सगळ्या ज्यूंनी प्रांत सोडावा आणि पुढच्या पिढ्यांनी हा कायदा घट्ट धरून ठेवावा.

हा खटला नीट पाहा. झ्यूसवर पैसे खाण्याचे, सत्तेच्या दुरुपयोगाचे आरोप आहेत, पण त्याला मरण येतं ते एका जुन्या कलमाखाली: ज्यूने ख्रिश्चन स्त्रीशी शरीरसंबंध ठेवला तर फाशी. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यू आणि ‘जर्मन रक्ताच्या’ व्यक्ती यांच्यातले लग्न आणि शरीरसंबंध गुन्हा ठरवले होते. प्रेक्षकाला तो पाच वर्षांपूर्वीचा कायदा आपल्या पूर्वजांच्या शहाणपणासारखा दिसावा अशी ही मांडणी आहे. आणि शेवटी शहराबाहेर हाकलले जाणारे ज्यू! सिनेमा लागून महिनाही झाला नव्हता तेव्हा, २२ ऑक्टोबर १९४० ला, बाडेन आणि झारफाल्झ भागातल्या साडेसहा हजारांच्या आसपास ज्यूंना गाड्यांत भरून दक्षिण फ्रान्समधल्या गुर्सच्या छावणीत पाठवलं गेलं. नोव्हेंबरात वॉर्सा घेटोची, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीची, दारं बंद झाली.

हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याने १९३८ च्या नोव्हेंबरातल्या ज्यूंवरच्या हिंसाचारानंतर स्टुडिओंकडून ज्यूविरोधी सिनेमे काढून घ्यायला सुरुवात केली होती. ‘युड झ्यूस’ पाहून तो डायरीत खूश झालेला दिसतो. एसएस या नाझींच्या सशस्त्र संघटनेचा प्रमुख हिमलर याने ३० सप्टेंबर १९४० ला आदेश काढला की हिवाळ्यात एसएस आणि पोलिसांतल्या सगळ्यांना हा सिनेमा दाखवावा. म्हणजे ज्या माणसांच्या हाती पुढे ज्यूंच्या याद्या, गाड्या आणि बंदुका असणार होत्या त्यांच्यासाठी खास खेळ.

त्याच वर्षी आणखी एक सिनेमा आला, ‘डेर एविगे युडे’, म्हणजे ‘सनातन ज्यू’. तो माहितीपट म्हणून काढलेला. फ्रित्स हिपलर हा प्रचार मंत्रालयातला अधिकारी त्याचा दिग्दर्शक. पोलंड घेतल्यावर लोड्झच्या ज्यू वस्तीत कॅमेरे नेऊन, माणसांना मुद्दाम घाणीत, अंधारात उभं करून चित्रण केलं. मग उंदरांच्या झुंडी, नकाशावर पसरणाऱ्या रेषा, कत्तलखाना, आणि शेवटी हिटलरचं ३० जानेवारी १९३९ चं भाषण, ज्यात त्याने युद्ध झालंच तर युरोपातल्या ज्यूवंशाचा नायनाट होईल अशी धमकी दिली होती. २८ नोव्हेंबर १९४० ला तो लागला, मोठा गाजावाजा करून. आणि पडला.

तो पडला हे आपल्याला कळतं ते खुद्द एसएसच्या गुप्त अहवालांमधून. लोक काय बोलतात याच्या नोंदी ते नियमित ठेवत. ‘युड झ्यूस’बद्दल ते लिहितात की प्रतिसाद जबरदस्त आहे, ज्यू स्टुटगार्टमध्ये शिरतात त्या प्रसंगाला प्रेक्षागृहातून आरोळ्या उठतात. ‘डेर एविगे युडे’बद्दल मात्र सूर वेगळा: सुरुवातीची गर्दी ओसरली, किळस आली म्हणून काही जण उठून गेले, आणि ‘युड झ्यूस’मध्ये एवढं सगळं पाहिल्यावर आता हे कशाला, असं लोक बोलत होते.

माझं म्हणणं एवढंच आहे. उंदीर दाखवणारा सिनेमा ओळखायला सोपा असतो. दोन कोटींपर्यंत पोचला तो रडवणारा, उत्तम छायाचित्रण असलेला, मोठे नट असलेला सिनेमा. लोक नायिकेसाठी रडले, आणि रडून बाहेर पडताना कोणाचा तरी द्वेष बरोबर घेऊन गेले. आपण बोलायचं तर या दुसऱ्या प्रकाराबद्दल जास्त बोलायला हवं.

नाना_वाडेकर

मृण्मयीताई, लेख आवडला. पण एक शंका. एका सिनेमाला आपण फार ताकद बहाल करत नाही ना? ज्यूद्वेष जर्मनीत, किंबहुना सगळ्या युरोपात, शेकडो वर्षांचा. मार्टिन ल्यूथरने सोळाव्या शतकात ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळा असं लिहून ठेवलं आहे. १९३३ पासून ज्यूंच्या नोकऱ्या गेल्या, १९३५ ला नागरिकत्व गेलं, १९३८ ला दुकानं फुटली. सिनेमा आला १९४० मध्ये, म्हणजे सगळं होऊन गेल्यावर. मग सिनेमाने नेमकं काय केलं?

दुसरं, हा झ्यूस खरोखर होऊन गेला का? की सगळीच कल्पना?

स्टुटगार्टकर

नाना, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. गेली बरीच वर्षं याच शहरात राहतोय. इथे गावाच्या मध्यावर त्याच्या नावाचा एक छोटा चौक आहे, १९९८ मध्ये नाव दिलेला. पहिल्यांदा पाटी वाचली तेव्हा मी थांबून शोधाशोध केली होती.

योझेफ झ्यूस ऑपनहायमर खरा. जन्म हायडेलबर्गचा, १६९८ च्या सुमाराचा. त्या काळी जर्मन संस्थानिक पैशाची व्यवस्था पाहायला ज्यू सावकार ठेवत, कारण ज्यूंना जमीन, शेती, बहुतेक कारागिरीच्या संघटना, सगळं बंद होतं आणि व्याजाचा धंदा तेवढा उघडा होता. हा कार्ल अलेक्झांडरचा वित्त सल्लागार. त्याने करांची घडी बदलली, नाणी पाडली, सरदारांच्या आणि प्रांतसभेच्या हक्कांना धक्का लावला. स्वतःही श्रीमंत झाला. लोक चिडले होते हेही खरं. पण या सगळ्या हुकमांखाली सही ड्यूकची होती. ड्यूक कॅथलिक, प्रजा प्रोटेस्टंट, हा आणखी एक जुना तिढा.

१२ मार्च १७३७ ला ड्यूक एकाएकी मेला आणि त्याच रात्री झ्यूसला पकडलं. ड्यूकचे ख्रिश्चन सल्लागार बहुतेक सुटले. याच्या खटल्याच्या कागदांचा ढीग पडला, पण नेमक्या कुठल्या गुन्ह्यासाठी मरण हे निकालात धड सांगितलेलंच नाही. स्त्रियांशी संबंधांची चौकशी झाली होती, मात्र सिनेमात दाखवलेली ती नायिका, तिचा नवरा, ती छळकोठडी हे सगळं रचलेलं आहे. बाप्तिस्मा घे म्हणून पाद्री त्याच्याकडे येत राहिले. त्याने नकार दिला. ४ फेब्रुवारी १७३८ ला हजारो लोकांच्या समोर त्याला फाशी दिली आणि देह लोखंडी पिंजऱ्यात सहा वर्षं तसाच लटकत ठेवला.

हार्लानच्या सिनेमात तो शेवटी जिवाची भीक मागत किंचाळतो. खरा झ्यूस ‘शमा यिस्राएल’ ही प्रार्थना म्हणत गेला असं नोंदलेलं आहे. मला हा फरक सगळ्यांत नीच वाटतो. त्याचं मरणसुद्धा त्यांनी त्याच्याकडे राहू दिलं नाही.

रील_क्रमांक_सात

सुंदर धागा. मी सिनेमाचं तंत्र शिकलोय, त्यामुळे त्या अंगाने थोडं लिहितो.

दाढी उतरवण्याचा जो उल्लेख मृण्मयी यांनी केलाय तो या सिनेमाचा कणा आहे. वस्तीतला झ्यूस, काळा झगा, दाढी, कानाजवळच्या बटा. चित्र विरघळतं आणि त्याच जागी उमटतो गुळगुळीत चेहऱ्याचा, लेस लावलेला दरबारी. नट एक, नजर एक. प्रेक्षकाला सांगितलं जातंय की वेश बदलला तरी आतला माणूस तोच आहे. आता १९४० चा बर्लिनचा ज्यू आठवा. तो कोणी झगेवाला नव्हता. तो डॉक्टर होता, वकील होता, पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढून पदक मिळवलेला शेजारी होता, आपल्यासारखाच दिसणारा. त्याच्याबद्दल संशय कसा पेरायचा? हा एक डिझॉल्व्ह ते काम करतो. ‘डेर एविगे युडे’मध्येही हीच युक्ती आहे, दाढीवाले पुरुष आणि तेच दाढी काढून सूटात. तिथे निवेदक ती बोलून दाखवतो. हार्लानला बोलावं लागत नाही.

नटांची निवड पाहा. झ्यूस झालेला फेर्डिनांड मारियान देखणा होता, त्याला बायकांची पत्रं येत असत. त्याची पहिली बायको ज्यू होती, त्यांना मुलगी होती. तो ही भूमिका टाळायला बघत होता. वेर्नर क्राउस मात्र रब्बी (ज्यू धर्मगुरू), सचिव असे बाकीचे ज्यू एकटाच साकारतो. एकाच माणसाचा चेहरा सगळ्या ज्यूंना! हे योगायोगाने होत नाही.

क्राउस म्हणजे १९२० च्या ‘कॅलिगारी’ या जर्मन मूकपटातला डॉक्टर. त्यात त्याच्या हुकमावर चालणारा झोपेतला माणूस होता कॉनराड फाइट. फाइटची बायको ज्यू, तो देश सोडून इंग्लंडला गेला आणि १९३४ मध्ये तिथे लोथार मेंडेसने काढलेल्या सिनेमात त्याने हाच झ्यूस केला, पण सहानुभूतीने, ज्यूंवरच्या अन्यायाची गोष्ट म्हणून. तो सिनेमा लिऑन फॉइश्टवांगरच्या १९२५ च्या कादंबरीवरून. फॉइश्टवांगर स्वतः ज्यू, नाझींनी त्याची पुस्तकं १९३३ ला जाळली होती. अमेरिकेत पोचल्यावर त्याने १९४१ मध्ये ‘युड झ्यूस’मधल्या बर्लिनच्या नटांना जाहीर पत्र लिहिलं. त्यांतल्या काहींना तो व्यक्तिशः ओळखत होता.

नाना म्हणतात सिनेमाने केलं काय. मला वाटतं, आधी काय नाहीसं केलं गेलं तेही पाहायला हवं. मार्च १९३३ च्या शेवटी ऊफा या मोठ्या जर्मन सिनेमा कंपनीने आपल्या ज्यू लोकांना काढून टाकलं. लेखक, संगीतकार, निर्माते, कॅमेरामन गेले. नोव्हेंबर १९३६ मध्ये गोबेल्सने कलासमीक्षेवर बंदी घातली, वर्तमानपत्रांनी फक्त ‘वर्णन’ छापायचं. म्हणजे ‘युड झ्यूस’ लागला तेव्हा ‘हे खोटं आहे’ म्हणणारा कलाकार देशात नव्हता आणि तसं लिहू शकणारा समीक्षकही नव्हता. रिकाम्या मैदानात उतरलेला सिनेमा होता तो.

नागावची_लेक

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू. आमचं मूळ अलिबागजवळ, आता इस्राएलमधल्या लोदमध्ये राहते. आई अजून मराठीतच रागावते.

आमच्या कोकणात आम्ही शनवार तेली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे. गावात कोणी आम्हाला त्यावरून छळलं नाही, आजीला तर ज्यूद्वेष ही काय चीज आहे हे इस्राएलमध्ये आल्यावर, युरोपातून आलेल्या शेजारणींकडून कळलं. नवस फेडायचा तर मलिदा करायचा आणि एलियाहू हन्नबीचं नाव घ्यायचं, एवढंच तिचं जग. तिकडे हिंदी सिनेमात आमचा डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, पडद्यावर सगळ्यांचा लाडका चाचा. एकाच दशकाच्या अंतराने जगाच्या दोन टोकांना पडद्यावरचा ज्यू किती वेगळा होता!

मला कुर्ट गेरॉनबद्दल लिहायचंय, कारण इथे शाळेत ते नाव ऐकलं तेव्हापासून ते डोक्यातून गेलेलं नाही. १९२८ मध्ये बर्लिनला नाटककार ब्रेख्तच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’च्या पहिल्या प्रयोगात मॅक द नाइफचं गाणं गाणारा हा. ‘ब्लू एंजल’मध्ये मार्लीन डीट्रिचबरोबर होता. मोठं पोट, मोठा आवाज, लोक त्याला पाहायला येत. १९३३ ला चालू शूटिंगमधून त्याला बाहेर काढलं. पॅरिस, मग हॉलंड, मग हॉलंडही जर्मनांच्या हाती. ‘डेर एविगे युडे’त त्याचे जुने विनोदी प्रसंग कापून, ज्यू कसे विकृत असतात याचा पुरावा म्हणून जोडलेले आहेत.

पुढे त्याला आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या तेरेझिनच्या घेटोत पाठवलं. २३ जून १९४४ ला रेड क्रॉसचे लोक तिथे येऊन गेले. त्यांच्यासाठी घरांना रंग दिले होते, बागा केल्या होत्या, आणि गर्दी कमी दिसावी म्हणून आधीच हजारो लोकांना आउश्विट्झच्या मृत्युछावणीत पाठवून दिलं होतं. सगळं सजलेलंच आहे तर सिनेमाही काढू, असं एसएसने ठरवलं. दिग्दर्शनाचं काम गेरॉनच्या गळ्यात. ऑगस्ट-सप्टेंबर १९४४ मध्ये चित्रण झालं. फुटबॉलचा सामना, वाचनालय, ‘ब्रुंडिबार’ ही मुलांची संगीतिका. हसणारी मुलं. चित्रण आटोपल्यावर ऑक्टोबरमध्ये गाड्या सुटल्या. शेवटची गाडी २८ ऑक्टोबरला, तिच्यात गेरॉन आणि त्याची बायको. आउश्विट्झला पोचल्यावर दोघांनाही मारलं. ‘ब्रुंडिबार’मध्ये गाणारी बहुतेक मुलंही गेली.

उंदीर दाखवणारा आणि फुटबॉल दाखवणारा, दोन्ही सिनेमे एकाच सत्तेचे. मृण्मयी, तुमच्या दोन प्रकारांत हा तिसराही धरा: काही वाईट घडतच नाहीये असं दाखवणारा.

अ‍ॅड_भोसेकर

नानांच्या पहिल्या प्रश्नावर प्रत्यक्ष न्यायालयात वाद झाला आहे, म्हणून लिहितो.

युद्धानंतर हार्लानवर मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा खटला हँबर्गमध्ये चालला. १९४९ मध्ये तो सुटला. न्यायालयाचं म्हणणं साधारण नानांसारखंच होतं: सिनेमा आणि ज्यूंचा संहार यांच्यातला कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. वरच्या न्यायालयाने हा निकाल फिरवला. १९५० मध्ये दुसऱ्या फेरीत मान्य केलं गेलं की असा सिनेमा गुन्ह्याचं स्वरूप धारण करू शकतो, पण हार्लानने तो गोबेल्सच्या दडपणाखाली केला, म्हणून पुन्हा निर्दोष. तिथले अध्यक्ष न्यायाधीश वाल्टर टिरोल्फ हे नाझी काळात हँबर्गच्याच विशेष न्यायालयात सरकारी वकील होते. ही बाब वाचली तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही.

पण गोष्ट तिथे संपत नाही. १९५० मध्येच हँबर्ग शहराच्या वृत्त विभागाचे प्रमुख एरिष ल्यूथ यांनी हार्लानच्या नव्या सिनेमावर बहिष्कार घाला, असं जाहीर आवाहन केलं. निर्मात्यांनी दिवाणी न्यायालयातून मनाई आणली. ल्यूथ घटना न्यायालयात गेले आणि १५ जानेवारी १९५८ ला जिंकले. न्यायालयाने सांगितलं की अभिव्यक्तिस्वातंत्र्य सरकारविरुद्ध तर आहेच, पण दोन नागरिकांमधल्या दिवाणी कायद्यावरही मूलभूत हक्कांचा प्रकाश पडतो. जर्मनीत कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला हा निकाल वाचावाच लागतो. एका ज्यूद्वेष्ट्या सिनेमाच्या दिग्दर्शकाला विरोध करता यावा म्हणून लढलेल्या माणसामुळे तिथली अभिव्यक्तिस्वातंत्र्याची व्याप्ती वाढली.

नाना, कार्यकारणाच्या बाबतीत आणखी एक साक्ष. फ्रँकफर्टच्या आउश्विट्झ खटल्यात, १९६० च्या दशकात, श्टेफान बारेत्स्की नावाच्या एसएस पहारेकऱ्याने सांगितलं की छावणीत त्यांना ‘युड झ्यूस’सारखे सिनेमे दाखवले जात, आणि त्यानंतर कैद्यांचे काय हाल होत हेही त्याने सांगितलं. द्वेष जुना होता हे शंभर टक्के मान्य. पण उद्या सकाळी हात उगारताना त्या माणसाला बरं वाटावं, आपण त्या बुडालेल्या मुलीचा बदला घेतोय असं वाटावं, ही सोय सिनेमाने केली.

नाना_वाडेकर

भोसेकर साहेब, ही साक्ष मला ठाऊक नव्हती. माझ्या प्रश्नाला याहून थेट उत्तर असू शकत नाही. आभार.

गिरगावकर_जुने

जरा अवांतर, पण मुंबईशी संबंध आहे म्हणून.

वर क्राउसचा विषय निघालाय. १९२५ मध्ये जी. डब्ल्यू. पाब्स्टने ‘द जॉयलेस स्ट्रीट’ हा मूकपट काढला, त्यात क्राउस खाटीक झाला होता. त्याची पटकथा विली हास यांची. हास प्रागचे ज्यू, लेखक काफ्काच्या वर्तुळातले. नाझींपासून पळत ते १९३९ मध्ये मुंबईत पोचले आणि मोहन भवनानींसाठी हिंदी सिनेमांच्या पटकथा लिहू लागले. भवनानींच्या सिनेमांना संगीत देणारे वॉल्टर कॉफमन हेही आश्रयाला आलेले ज्यू. आकाशवाणीची सकाळची ती धून साधारणपणे त्यांच्याच नावावर सांगितली जाते.

आणि त्याच मुंबईत, मालाडला बॉम्बे टॉकीजमध्ये, ‘अछूत कन्या’चे दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन होते. ते १९३६ पासून नाझी पक्षाचे सदस्य. अस्पृश्यतेच्या विरोधात एवढा हळवा सिनेमा काढणारा माणूस तिकडे त्या पक्षाचं सदस्यत्व घेतो, हे मला आजवर पेललेलं नाही. सप्टेंबर १९३९ ला युद्ध सुरू झालं तेव्हा ‘कंगन’चं चित्रण चालू होतं, इंग्रजांनी त्यांना आणि इतर जर्मनांना पकडलं. काही मैलांच्या अंतरावर नाझींमुळे पळून आलेला ज्यू लेखक आणि नाझी पक्षाचा सदस्य असलेला दिग्दर्शक, दोघेही हिंदी सिनेमा करत होते.

तन्वी_प

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. एक विचारू का? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मध्ये एक फॉरवर्ड आला होता, रॉथशील्ड घराण्याने वॉटर्लूच्या लढाईची बातमी आधी मिळवून लंडनच्या शेअर बाजारात सगळ्यांना फसवलं आणि तेव्हापासून जगाच्या बँका त्यांच्या हातात आहेत, असा. हाही त्यातलाच प्रकार का? पाठवणारे काका अगदी सज्जन आहेत, त्यांना ज्यू म्हणजे काय हेही नीट माहीत नसेल.

रील_क्रमांक_सात

तन्वी, नेमकं तेच. १७ जुलै १९४० ला, म्हणजे ‘युड झ्यूस’च्या दोन महिने आधी, जर्मनीत ‘डी रॉथशिल्ड्स’ लागला, दिग्दर्शक एरिष वाश्नेक. त्याची कथा हीच, वॉटर्लू आणि शेअर बाजार. ही दंतकथा १८४६ च्या एका फ्रेंच पत्रकातून पसरली, लढाईनंतर तीस वर्षांनी. नाथान रॉथशील्डने लंडनला त्या दिवसांत असा काही अफाट नफा कमावल्याचा पुरावा इतिहासकारांना सापडलेला नाही. उलट युद्ध लांबेल या हिशोबाने त्याने सोनं साठवलं होतं आणि ते एकाएकी संपल्याने तो अडचणीत आला. काकांना हे सांगा, ते सज्जन असतील तर ऐकतील.

नागावची_लेक

काकांना हेही सांगा की तुमच्या रायगड जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या तेल काढणारे ज्यू होते. त्यांतल्या एकाचीही बँक नव्हती.

मिहिर_सांगली

हा सिनेमा बघायला मिळतो का? आणि मिळाला तर बघावा का? बंदीच असायला हवी असं माझं मत.

मृण्मयी_द

मिहिर, जर्मनीत सरसकट बंदी नाही, पण मोकळीकही नाही. मुर्नाऊ प्रतिष्ठानाकडे हक्क असलेले चाळीसेक सिनेमे राखीव यादीत आहेत. ते दाखवायचे तर आधी जाणकाराचं भाषण आणि नंतर चर्चा, ही अट. मी तसाच एका खेळाला पाहिला. इंटरनेटवर अर्थातच तो सापडतो, आणि तिथे ना भाषण असतं ना चर्चा, खाली प्रतिक्रियांत काय लिहिलेलं असतं ते सांगवत नाही. माझं मत राखीव ठेवण्याच्या बाजूचं आहे. बंदीने तो सिनेमा ‘दडवलेलं सत्य’ बनतो, आणि नुसता मोकळा सोडला तर तो आजही आपलं काम करतो. चर्चेत एक तरुण मुलगा म्हणाला की नायिका बुडाल्यावर क्षणभर त्यालाही झ्यूसला शिक्षा व्हावी असं वाटलं. सगळं माहीत असून. तो हे बोलला म्हणून पुढची चर्चा खरी झाली.

नागावची_लेक, तुमचा तिसरा प्रकार मनात घर करून बसलाय. त्याला जोडूनच एक सांगायचं राहिलं होतं. मे १९४२ मध्ये जर्मन कॅमेरे वॉर्सा घेटोत शिरले. जेवणाच्या मेजांवर चांगल्या कपड्यांतल्या ज्यूंना बसवलं, दारात भुकेने मरणाऱ्यांना, आणि श्रीमंत ज्यू गरीब ज्यूंकडे पाहतसुद्धा नाहीत असे प्रसंग रचून चित्रित केले. घेटोच्या ज्यू कौन्सिलचे प्रमुख अ‍ॅडम चेर्नियाकोव यांनी आपल्या डायरीत त्या दिवसांच्या नोंदी केल्यात. २२ जुलैपासून घेटोतून माणसांच्या गाड्या त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे निघाल्या, दुसऱ्या दिवशी चेर्नियाकोव यांनी विष घेतलं. सिनेमा अपुराच राहिला. डबे युद्धानंतर पूर्व जर्मनीच्या संग्रहात मिळाले आणि त्यातले तुकडे पुढे कितीतरी माहितीपटांत ‘घेटोतलं रोजचं जीवन’ म्हणून वापरले गेले. १९९८ मध्ये आणखी काही रिळं सापडली, ज्यांत तेच प्रसंग पुन्हा पुन्हा करून घेतलेले दिसतात, एका चौकटीत तर चुकून कॅमेरामनच आलाय. २०१० मध्ये याएल हेर्सोन्स्की या इस्राएली दिग्दर्शिकेने वाचलेल्या लोकांना बसवून ती रिळं दाखवली आणि त्यांच्या चेहऱ्यांसकट त्यावर सिनेमा केला.

रील_क्रमांक_सात, त्या रिळांमधल्या कॅमेऱ्याच्या जागांबद्दल तुम्ही स्वतंत्र धागा काढाल का? कुठली दृश्यं रचलेली आणि कुठली चोरून टिपलेली हे चौकटीवरून कसं ओळखायचं, हे मला नीट समजून घ्यायचंय.

रील_क्रमांक_सात

काढतो. दिवाळीनंतर, रिळं पुन्हा पाहून लिहितो.